दोन सूत सूट

पावसाळ्याचं कौतुक ज्यांना करायचं असेल त्यांनी खुशाल करावं. मला तो वासावरून ओळखू येतो. आषाढ निम्मा सरला की सीवूड्समधल्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक वास मुक्कामाला येतो. न वाळलेले टॉवेल, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर उगवलेली पांढरी बुरशी, दारातलं ओलं पायपुसणं आणि ओहोटीला खाडीकडून येणारा चिखल, असा सगळा मिळून एकच. मिठाला पाणी सुटतं. पापड मान टाकतात. पाहुण्यांच्या बाथरूमचं दार फुगतं आणि आत गेलेल्या पाहुण्याला हाका मारून बाहेर यावं लागतं. खिडकीत कॉफीचा कप ठेवून मागच्या ढगांचा फोटो काढणारी माणसं आमच्या इमारतीत पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे बुरशी येत नसावी, किंवा फोटोत येत नसावी.

या दिवसांत मी सकाळी टेबलापाशी बसते आणि लॅपटॉपचा ड्रॉवर ओढते. तो उघडतो. बाहेर भिंतींना ओल आलेली असते, पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली असतात, आणि हा सागवानी ड्रॉवर मात्र लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर येतो. गेले तीन पावसाळे येतो आहे. त्याने एकदा तरी अडकावं, अशी माझी फार इच्छा आहे.

मी औषधांच्या खोक्यातल्या त्या बारीक घडीच्या कागदांचा मराठी अनुवाद करते. चक्कर, कोरडी जीभ, मळमळ. मळमळ हा माझ्या रोजीरोटीचा शब्द आहे, वर्षाकाठी शेकडो वेळा लिहीत असेन. तेव्हा या टेबलापाशी बसल्यावर मला काय होतं हे सांगायला दुसरा शब्द शोधण्याची गरज नाही.

टेबल माझ्यासाठी केलेलं नव्हतं. वीस वर्षं मी जेवणाच्या टेबलावर काम केलं. एका बाजूला कोथिंबीर निवडलेली, दुसऱ्या बाजूला यकृताचे विकार. कुकर झाला की शब्दकोश उचलायचा, ताटं मांडायची, ताटं उचलली की पुसून पुन्हा शब्दकोश. त्याची काही पानं अजून हळदीची आहेत. मग माझा नवरा शिरीष व्हाइस प्रेसिडेंट झाला. त्याच्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट किती आहेत हे मी एकदा विचारलं होतं, तर त्याने दोन दिवस धड उत्तर दिलं नाही. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, आणि घरून काम म्हणजे कॅमेऱ्यासमोर. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याच्या मागे आमच्या कपाटावरची सूटकेस दिसली. कोणीतरी विचारलं, "सर, ट्रॅव्हलिंग?" झालं. मुलगा बाहेरगावी शिकायला गेल्यामुळे त्याची खोली रिकामीच होती. तिथे टेबल करायचं ठरलं.

टेबल म्हटलं की मला चार पाय आणि एक फळी डोळ्यांसमोर येते. ती माझी चूक. टेबल आधी 'डिझाइन' करावं लागतं. त्यासाठी अनन्या नावाची एक इंटिरियर डिझायनर आली. मुलगी वाईट नव्हती. फक्त तिच्याजवळ साधी वाक्यं शिल्लक राहिली नव्हती. तिने टॅबलेटवर बोट फिरवून टेबल आमच्यापुढे गरगर फिरवलं.

"सर, हा तुमचा स्टेटमेंट पीस. सॉलिड टीक. लॅपटॉप, चार्जर, वायर्स सगळं इन-बिल्ट. काम संपलं की टेबलावर काहीच दिसणार नाही."

"काहीच?" शिरीष भारावून म्हणाला.

"काहीच. ड्रॉवर पण दिसणार नाही. एकदम फ्लश."

"मग उघडायचा कसा?" मी विचारलं. "हँडल कुठाय?"

"मॅम, हँडल म्हणजे व्हिज्युअल नॉइज. पुश करायचं, ओपन होतं."

शिरीषने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरी जाऊन पिठाची गिरणी कुठे ठेवता असं विचारलं होतं. कामासाठी टेबल करायचं आणि त्यावर काम केल्याची खूण राहू द्यायची नाही, हा विचार मला नवीन होता. ड्रॉवरला दोन कप्पे होते. वरचा रुंद, मखमली अस्तराचा, सरांचा. खाली एक चपटा ट्रे.

"हा मॅमचा," अनन्या म्हणाली. "म्हणजे मॅमचा लॅपटॉप पण डायनिंगवर पडलेला दिसायला नको."

"आणि मी बसणार कुठे?"

"तुझं काय गं," शिरीष म्हणाला. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं, तेच वाईट होतं. "तू कुठेही बसून करतेस. तुझं बरंय."

हे मी इतक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण पुढे मी जे केलं त्याची सबब म्हणून हे वाक्य मी तीन वर्षं चघळलं. सबब म्हणून ते पुरत नाही. आता त्याला चवही उरलेली नाही.

सुतार अनन्याचा नव्हता. तिच्या सुतारांच्या तारखा मिळेनात, म्हणून वॉचमनने करावे गावातले नामदेवदादा सुचवले. हे गाव आमच्यापासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. मॉल मागे टाकायचा, उंच इमारती संपेपर्यंत चालायचं, की सुक्या मासळीचा वास लागतो. आमच्या इमारतीतली बरीच माणसं इतकी वर्षं तिथे गेलेली नाहीत. दिशा विचारली तर खाडीकडे हात करतात. नामदेवदादांचे वडील होड्या बांधायचे. दादाही तेच शिकले. मग होड्या कमी झाल्या, फ्लॅट वाढले, आणि त्यांनी हात कपाटांकडे वळवला. पन्नाशीचे, सडसडीत, टेपने माप घेताना आकडा स्वतःशीच पुटपुटणारे.

मे महिना होता. माप घेऊन ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले आणि अनन्याने दिलेला कागद ओट्यावर पसरून बघत राहिले.

"ताई, ही बाय कुठं ऱ्हाते?"

"का हो?"

"पाऊस पडत नसल तिकडं." त्यांनी बोटाने ड्रॉवरची रेघ दाखवली. "आता लाकूड सुका हाय. पावसान फुगल. साग बी फुगतो. दोन सूत सूट ठेवाला लागल."

इंचाचे आठ सूत, हे मला ठाऊक होतं. माझे आजोबा घराच्या डागडुजीला आलेल्या सुताराशी याच भाषेत भांडायचे. सूट म्हणजे काय, एवढं मी विचारलं.

"फट ओ. मोकळी जागा. व्होडीचा उलटा असतंय. व्होडी पान्यात टाकली का फल्या फुगून एकमेकीला धरतात, मंग पानी आत येत नाय. तिथं फुगाला पायजे. हितं फुगला तं ड्रॉवर अडकंल. आनि याला तं धराला बी काय नाय."

ते हसले, मीही हसले. इतक्या थोड्या शब्दांत इतकं स्पष्ट सांगणारा माणूस माझ्या धंद्यात असता तर औषधांचे कागद लोकांनी वाचले असते.

दुसऱ्या दिवशी ते शिरीषला हेच सांगायला आले. मी ओट्याशी होते, दार उघडं होतं. शिरीष कुठल्याशा कॉलवर होता. एका कानाला हेडफोन, दुसरा कान नामदेवदादांना दिलेला. अर्धा कान, खरं तर.

"साहेब, ड्रॉवरला दोन सूत सूट..."

"सूट?" शिरीषने हात वर केला, ट्रॅफिक पोलीस करतो तसा. "सूट-बिट नको हां आपल्याला. आम्ही घासाघीस करणारे लोक नाही. जे होईल ते फुल. काम फक्त टाईट पाहिजे. काय? एकदम टाईट."

नामदेवदादांनी हातातला कागद पुढे केला. "सूट नको?"

"नको म्हटलं ना."

"कागदावर हाय तसाच करू?"

"एक्झॅक्टली."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर साधी होती. काल तुम्हाला समजलं होतं, आता साहेबांना सांगा, एवढीच. मी कुकरकडे पाहिलं. शिट्टी व्हायची होती. एक शब्द दोन माणसांच्या मधून दोन वेगळ्या अर्थांनी गेला, आणि ते दोन्ही अर्थ कळणारी त्या घरात मी एकटीच होते. हेच करून मी पोट भरते. बोलायला एक वाक्य लागलं असतं. 'अरे, ते डिस्काउंट नाही म्हणत, फट म्हणतायत.' मी बोलले नाही, कारण मला मजा वाटली. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं. आम्ही घासाघीस करणारे लोक नाही, हे वाक्य आपल्या रुबाबात चालत जाऊन कुठे आपटतं ते मला बघायचं होतं.

टेबल मेअखेरीस आलं. त्याची पूजा झाली. हळद, कुंकू आणि नारळ. नारळ फोडायचं काम खाली करावं असं मी म्हटलं, पण व्हिडिओ घ्यायचा असल्यामुळे तो वर फुटला आणि पाण्याचा ओघळ नव्या पॉलिशवर गेला. डाग अजून आहे, श्रीलंकेच्या आकाराचा. शिरीषने सहकाऱ्यांना टेबल दाखवलं. पडद्यावरच्या नऊ चौकोनांतून नऊ जण "वॉव" म्हणाले. त्याने बोटाने हलकेच दाबलं, ड्रॉवर अदबीने बाहेर आला, पुन्हा दाबलं, आत गेला. नऊ जण पुन्हा "वॉव" म्हणाले. प्रौढ, शिकलेली माणसं. महिनाभर रोज काम संपलं की दोघांचे लॅपटॉप आत जायचे आणि शिरीष दारात उभा राहून त्या रिकाम्या फळीकडे बघायचा. देवघरासमोर तो इतका वेळ कधी उभा राहिलेला नाही.

जुलैत ड्रॉवर कुरकुरायला लागला. शिरीषने तेल सोडलं. तेलाला पॉलिशचा आणि ओलीचा वास मिसळून खोलीत आजाऱ्याच्या खोलीसारखं काहीतरी झालं. आणि मग सलग चार दिवस पाऊस पडल्यावर एका सकाळी ड्रॉवर उघडला नाही.

त्या दिवशी शिरीषला कंपनीच्या वरच्या लोकांपुढे सादरीकरण करायचं होतं. त्याने दाबलं. पुन्हा दाबलं. दोन्ही तळहातांनी, मग खांद्याने. दाबण्याखेरीज त्या वस्तूला करता येण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. धरायला कड नाही, ओढायला मूठ नाही. चौऱ्याऐंशी किलोचा, टाय लावलेला माणूस एका सपाट फळीवर नखं ओढत होता. मी उलथनं आणलं. ते फटीत घालायचं तर फट कुठे होती? सुरीचं टोक तेवढं मोडलं. हेअर ड्रायर लावला, तर पॉलिशचा वास सुटला.

"अनन्याला फोन लाव!"

अनन्या म्हणाली, "सर, वुड इज अ नॅचरल मटेरियल."

शेवटी त्याने जेवणाच्या टेबलावर, फोन चहाच्या डब्याला टेकवून, आठवेल तसं बोलून वेळ मारून नेली. मागे भिंतीवर मिसळणाचा डबा, लोणच्याच्या बरण्या आणि वाळत घातलेली पिशवी. मी दाराआड उभी होते. मला वाटलं होतं मला हसू येईल. टायची गाठ सैल करत तो बोलत होता, कपाळावर घाम होता, आणि पलीकडून कोणीतरी "कॅन समबडी म्यूट द कुकर" म्हणालं. मला हसू आलं नाही. माझाही लॅपटॉप आतच होता, त्यात त्याच दिवशी द्यायचं काम होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. तोंडाला घाणेरडी चव आली होती, तेवढं आठवतं.

दुपारी नामदेवदादा आले. त्यांनी टेबल भिंतीपासून सरकवलं, मागची फळी सोडवली, आत हात घालून लाकडी ठोकळ्याने आतून दोन ठोके दिले. ड्रॉवर बाहेर आला. पाच मिनिटंही लागली नसतील.

शिरीष सकाळपासून भरलेला होता. महिनाभर तो त्यांना 'तुम्ही' म्हणत होता.

"तुला सांगितलं होतं ना काम नीट पाहिजे म्हणून?"

"साहेब, मी बोललो व्हतो. तुमीच बोलले सूट नको."

"म्हणजे? मी पैशात सूट घेतली नाही म्हणून तू काम बिघडवलंस?"

नामदेवदादांना हे कळेचना. ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले, आपण कुठल्या भाषेत बोलतो आहोत याची खात्री करून घेतल्यासारखे. मग म्हणाले, "ताईंना माहीत हाय. ताई व्हत्या."

शिरीष माझ्याकडे वळला. "तू होतीस? काय बोलला हा?"

"मी कुकरकडे बघत होते," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. असली वाक्यं जमायला भाषेत बरीच वर्षं घालवावी लागतात.

नामदेवदादांनी ड्रॉवर उचलून बाहेर नेला. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्यांनी ड्रॉवरच्या कडा रंध्याने तासल्या. सागाच्या सालपटांचा वास सुटला, त्या महिन्यातला घरातला एकमेव चांगला वास. दोन सूत फट ठेवली, वरून मेण घासलं, समोर एक बारीक खाच पाडली, बोट जाण्यापुरती. मी चहा ठेवला होता. "नको," म्हणाले. ताई म्हणाले नाहीत.

ते लिफ्टमध्ये असतानाच शिरीषने सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी काढलेला बंद ड्रॉवरचा फोटो टाकला. 'थर्ड क्लास वर्कमनशिप. कराव्याच्या या सुताराला कोणीही बोलावू नये.' खाली नाव आणि नंबर. अंगठे आले, रागाने लाल झालेले चेहरे आले, 'धन्यवाद सर, वेळेवर सावध केलंत' आलं. बी विंगमधल्या दोन घरांची स्वयंपाकघरं नामदेवदादांकडे ठरली होती. संध्याकाळपर्यंत दोन्ही मोडली. एका घरच्या बाईंनी लिफ्टमध्ये मला हात जोडून आभार मानले. मी ते स्वीकारले.

पुढच्या आठवड्यापासून शिरीष हॉलमध्ये सोफ्यावर बसून काम करू लागला. टेबलाचं तोंड त्याला बघवेना. "तूच बस तिथे," तो म्हणाला. अशा रीतीने वीस वर्षांनी मला बसायला जागा मिळाली. खिडकीशी, सागवानी. ज्याचं काम गेलं त्याने ती माझ्यासाठी रंध्याने नीट करून दिली होती. सुरुवातीला मी शब्दकोश जेवणाच्या टेबलावरच ठेवून काही दिवस बाणेदारपणे बसले. मग पाठ दुखायला लागली.

या वर्षी पुन्हा आषाढ आला, पुन्हा तोच वास. गेल्या आठवड्यात ग्रुपवर एका नव्या भाडेकरूने विचारलं, 'दार फुगलंय, चांगला सुतार कोणी सुचवेल का?' दोन-तीन नावं आली. मग कोणीतरी तीन वर्षांपूर्वीची शिरीषची पोस्ट उकरून पुन्हा टाकली, सार्वजनिक हिताच्या भावनेने. फोटोसकट. मी त्याच ड्रॉवरवर हात ठेवून बसले होते.

मी लिहिलं. 'या सुताराची चूक नव्हती. लाकूड फुगेल, फट ठेवावी लागेल, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याला ते डिस्काउंट वाटलं आणि त्याने नको म्हटलं. मला अर्थ कळला होता. मी गप्प बसले, आणि नंतर विचारल्यावरही गप्प बसले. काम उत्तम आहे, मी रोज वापरते.' अनुवाद करताना मी एक वाक्य दहा वेळा बदलते. हे सरळ पाठवलं.

एक हसणारा चेहरा आला. दोन नमस्कार आले. मग कोणीतरी पाण्याचा टँकर किती वाजता येणार ते विचारलं आणि सगळे तिकडे गेले.

शिरीष हॉलमधून उठून आला. फोन हातात.

"हे काय आहे?"

"झालं ते लिहिलंय."

"मला सांगायचंस. ग्रुपवर टाकायची काय गरज होती?"

"तूही ग्रुपवरच टाकलं होतंस."

त्याने माझी पोस्ट पुन्हा वाचली. "तीन वर्षं?" म्हणाला. "तीन वर्षं तुला माहीत होतं?" त्याचा चेहरा रागाचा नव्हता. तो खरोखर विचारत होता, आणि त्या टेबलाच्या बाबतीत त्याने विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न होता. मी हो म्हणाले.

भाडेकरूचं काम कराल का, हे विचारावं म्हणून मी नामदेवदादांना फोन लावला. मागे ठोकण्याचे आवाज येत होते, एका लयीत, पुष्कळ हातोड्यांचे.

"कोन?"

मी नाव सांगितलं. इमारत सांगितली. टेबल म्हटल्यावर त्यांना ओळख पटली.

"हां, बोला."

"कामावर आहात का?"

"पावन्याला कारखान्यात हाय. दोन वरसं झाली. मशिनी बाहेरगावी जातात ना, त्यांच्या पेट्या मारतो. फल्या लावाच्या, खिले ठोकाचे."

"होड्या, फर्निचर...?"

"नाय आता. ह्या बरा. पेटीला कोन बघत नाय. तिकडं माल उतरला का फोडून टाकतात."

मी सगळं सांगितलं. कुकर, ते वाक्य, ग्रुप, फोटो, मोडलेली दोन कामं, आज लिहिलेलं. हातोडे चालूच होते. ते ऐकतायत की फोन बाजूला ठेवलाय, कळेना.

"दादा?"

"ऐकतोय." मग आवाज न चढवता, कामाची गोष्ट सांगावी तसं ते म्हणाले, "तवा बोलाचा व्हता, ताई."

आणि कोणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.